'बघून घे' म्हणजे नक्की काय?

बंड्या आला तोच फोन नाचवत. साहेबांचा मेसेज, दोनच शब्द: "बघून घे."

"आता काय बघू? वाचून सोडून देऊ, दुरुस्त करू की पुढे पाठवू?"

"विचार की सरळ," नाना म्हणाले.

"विचारलं की म्हणतात, एवढंही कळत नाही?"

नानांनी आयुष्यभर शिफ्टा सांभाळल्या. त्यांचं मत ठरलेलं: शब्द नेमका वापरा, निम्मी भांडणं मिटतात. पुरावा म्हणून थेट टेनेरिफ, म्हणजे त्या स्पॅनिश बेटावरचा विमान अपघात काढला. २७ मार्च १९७७, विमानतळावर दाट धुकं. केएलएम या डच कंपनीच्या विमानातून कंट्रोल टॉवरला निरोप जातो, 'वी आर नाऊ ॲट टेकऑफ.' टॉवरला वाटतं, उभंच आहे. विमान तर धावायला लागलेलं. टॉवर म्हणतो 'ओके', आणि त्यापुढचं 'थांबा, मी सांगतो' खरखरीत बुडतं, कारण नेमकं तेव्हाच त्याच धावपट्टीवरचं, पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं विमानही बोलत होतं. दोन जंबो धडकली, ५८३ माणसं गेली.

"तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द फक्त परवानगी देताना नाहीतर रद्द करताना. एरवी 'डिपार्चर'. आणि नुसतं ओके चालत नाही, सूचना परत म्हणून दाखवायची."

"आम्हीही फोनवर सांगितलेला डोस परत म्हणतो," ताई म्हणाली. ती नर्स आहे. "फिफ्टीन की फिफ्टी, कानाला सारखंच. मग 'वन फाइव्ह' म्हणायचं. पण नाना, अर्धीच गोष्ट सांगितलीत. केएलएमच्याच कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनीयरने विचारलं होतं, ते पॅन ॲम अजून धावपट्टीवरच नाही ना? कॅप्टन, कंपनीचा मुख्य प्रशिक्षक, ठासून म्हणाला, नाही. विषय संपला. त्या इंजिनीयरचा कुठला शब्द चुकला?"

नाना गप्प. (दुर्मीळ प्रसंग, म्हणून नोंद.)

मग सावरून म्हणाले, "आणि १९९० साली न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलेलं ॲव्हिआंकाचं विमान? 'प्रायॉरिटी' मागितली, 'इमर्जन्सी' म्हणालेच नाहीत. तिथे शब्दानेच घात केला ना?"

"केला. पण या बंड्याला शब्द सापडत नाहीयेत का?"

मला ताईचं पटलं. बंड्याकडे प्रश्न तयार होता, अगदी नेमका. अडत होतं ते विचारण्यापाशी.

शेवटी त्याने टाइप केलं: "सर, तपासून आजच पाठवू की फक्त माहितीसाठी?" दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं. आम्ही चौघं स्क्रीनवर वाकलो. निळ्या टिका आल्या. मग उत्तर.

"ओके."