पाच पोरं, दोन मास्तर आणि एक फॉरवर्ड

ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘वीसपेक्षा कमी पटाच्या झेडपी शाळा बंद करा. पाच पोरांवर दोन मास्तरांचा पगार म्हणजे उधळपट्टी. मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्या, तिथे सोबतही मिळेल. नाहीतरी झेडपीत आता जातं कोण?’ पाठवणारे बहुतेक भली माणसं आहेत, म्हणूनच उत्तर देतोय.

आधी पगार. ‘दोन मास्तर’ ऐकायला चैन वाटते. पण ते दोघे मिळून चार-पाच इयत्ता शिकवतात, वर पोषण आहाराची नोंद, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातलं किमान प्रमाण आहे. आणि दरडोई खर्चाचा हिशेब वाडीवरच्या पोरांपाशीच का सुरू होतो? रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे मांडली होती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. संस्थानाला परवडलं ते राज्याला परवडत नाही म्हणे!

आता गाडी. हा मुद्दा सगळ्यात गोंडस, आणि सगळ्यात पोकळ. राज्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. हा आकडा सहा वर्षांच्या पोरीच्या पायांचा विचार करून आलाय. गाडी येते डांबरी रस्त्यापर्यंत. वाडी त्याच्याही वर असते, मध्ये ओढा. नंदुरबारच्या अक्राणीत किंवा पुण्याकडच्या वेल्ह्याच्या डोंगरात जुलैचा पाऊस ज्याने पाहिलाय तो ‘बसने न्या’ इतक्या सहज म्हणणार नाही. गाडी बिघडली, ठेकेदाराचं बिल थकलं, की त्या दिवशी शाळा नाही. आठवडाभर असंच झालं की पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते. तिचं नाव पटावर असतंच, त्यामुळे ती शाळाबाह्य मुलांच्या आकड्यातही सहज दिसत नाही.

‘झेडपीत जातं कोण?’ हा प्रश्न उलटा विचारा: पोरं गेली कुठे? काही आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. काही शेजारच्या इंग्रजी शाळेत गेली, आणि अशा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या, शाळांसाठी २०१२ चा कायदा याच राज्याने केला. एकीकडे नव्या शाळांना परवानगी, दुसरीकडे शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. मग पट घसरला की दोष पालकांचा.

खरी गंमत पुढे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’, म्हणजे आसपासच्या अशा शाळा मिळून एक मोठी शाळा, करण्यासाठी प्रस्ताव मागवले. पाच महिन्यांत, ९ फेब्रुवारी २०२४ ला, नियम बदलला: ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट. म्हणजे शहरात म्हणायचं, ‘जवळ सरकारी शाळा आहे ना, तिथे जा,’ आणि वाडीवर म्हणायचं, ‘जवळची शाळा परवडत नाही, लांब जा.’ मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. वाडीवरची माणसं मात्र न्यायालयात कधी पोचणार?

सोबतीचा मुद्दा मला मान्य आहे. पाच पोरांत कबड्डीचा संघ होत नाही. त्यासाठी एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, शाळा आठवड्यातून एक दिवस एकत्र आणा, तेवढ्यापुरती गाडी द्या. त्यासाठी वर्गाला कुलूप कशाला?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळा हलवायचीच असेल तर त्यांचा ठराव घ्या, गाडीचा लेखी आदेश आधी दाखवा, आणि गाडी आली नाही तर जबाब कोणता अधिकारी देणार ते त्यात लिहा.

राहिला पट. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत दत्तात्रय वारे गुरुजी २०२२ मध्ये रुजू झाले तेव्हा मुलं होती तीन. आज शंभराच्या वर आहेत, आणि २०२५ मध्ये या शाळेला जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. प्रत्येक शाळेला असे गुरुजी मिळणार नाहीत, कबूल. पण मेसेजमधली वीसची रेघ २०२२ मध्ये ओढली असती, तर गुरुजींना रुजू व्हायला शाळाच उरली नसती.