बॅनरवर फोटो कुणाचा

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच भांडण चालू आहे, खरा पक्ष कुणाचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला, पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्रवादी आणि घड्याळ अजितदादांना, आणि तेव्हापासून ग्रुपवरच्या दोन-चार जणांचा दिवस संस्थापकांचा फोटो टाकल्याशिवाय सुरूच होत नाही. मग दुसरी बाजू पण फोटो टाकते, त्याच संस्थापकांचा, फक्त शेजारी उभा असलेला माणूस वेगळा. मी हे उलानबातरमध्ये बसून वाचतो, इथे एका खाणकंपनीच्या ऑफिसात हिशेब बघतो, बाहेर उणे तीस आणि कोळशाचा धूर, आणि दरवेळी वाटतं की यांना इथल्या पक्षाचे संस्थापक दाखवावेत. ग्रुपवर मावणारं नाही म्हणून इथे लिहितोय.

मंगोलियात आज सत्तेवर असलेली मंगोलियन पीपल्स पार्टी १९२० सालची आहे. नावं बदलली, राज्यपद्धत बदलली, पण पक्ष तोच, २०२४ ला १२६ पैकी ६८ जागा. शंभरी ओलांडलेला पक्ष म्हटलं की आपल्याला वाटणार केवढा वारसा असेल, भिंतीवर ओळीने फोटो, हार. वारसा आहे, पण भिंतीवर नक्की कुणाला लावायचं हा प्रश्न पक्षाला पन्नास-साठ वर्षं तरी फार अवघड गेला असणार.

सुरुवात अशी की १९११ मध्ये चीनमधलं मांचू राज्य कोसळायला लागलं तसं मंगोल सरदारांनी आणि लामांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि बोग्द खान, म्हणजे इथले सगळ्यात मोठे धर्मगुरू, त्यांनाच राजा केलं. १९१५ ला रशिया आणि चीनबरोबर करार होऊन त्या स्वातंत्र्याची नुसती स्वायत्तता झाली. मग रशियात क्रांती झाली, पाठीराखा गेला, आणि १९१९ च्या शेवटी श्यू शूचंग हा चिनी जनरल फौज घेऊन उर्गात आला (उलानबातरचं तेव्हाचं नाव) आणि उरलेली स्वायत्ततापण काढून घेतली. सरदारांतले बरेच गप्प बसले. जे गप्प बसले नाहीत त्यांचे शहरात दोन गुप्त गट होते. एक रशियन वकिलातीच्या टेकडीवरचा, त्यात बोदो, जो वकिलातीच्या दुभाष्यांच्या शाळेत मंगोल शिकवायचा, आणि त्याच शाळेत शिकलेला चोइबाल्सन, मठातून पळून आलेला पोरगा. दुसरा शहराच्या पूर्व भागातला, त्यात दांझन हा कस्टमचा अधिकारी, दोग्सोम हा सरकारी कारकून, आणि सुखबातर, आधी शिपाईगडी आणि नंतर छापखान्यात खिळे जुळवणारा. म्हणजे बघा, मास्तर, कारकून, कस्टमवाला, छापखान्यातला कामगार. मला ही यादी फार ओळखीची वाटते, आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या चळवळीची पहिली मीटिंग काढा, हीच माणसं.

२५ जून १९२० ला दोन्ही गट एक झाले आणि पक्ष झाला. मग सात जण मदत मागायला रशियाकडे निघाले, बोदो, चोइबाल्सन, दांझन, दोग्सोम, सुखबातर, शिवाय लोसोल आणि चाग्दरजाव. इथे त्यांना पहिले सात म्हणतात. आणि या क्रांतिकारकांच्या हातात पत्र कुणाचं होतं, तर बोग्द खानाचा शिक्का असलेलं! सुखबातरने ते चाबकाच्या दांड्यात लपवून नेलं असं सांगतात, तो चाबूक इथे घराघरात माहीत आहे. मागणं काय, तर आमची स्वायत्तता परत मिळवून द्या. मार्क्स वगैरे लांबच. रशियनांनाच ते धर्मगुरूचं पत्र पुरेसं वाटलं नाही, पक्षाच्या नावाने मागा म्हणाले. क्रांतीचा अर्ज कसा भरायचा हे क्रांतिकारकांना पलीकडच्या खिडकीवर सांगितलं गेलं, आणि पुढे कोण सांगणार आणि कोण ऐकणार ते तिथेच ठरलं असं आपलं मला वाटतं.

इकडे फेब्रुवारी १९२१ मध्ये उंगर्न नावाचा झारवादी बॅरन घोडदळ घेऊन उर्गावर चढून आला, चिनी फौजेला हाकललं आणि बोग्द खानाला परत गादीवर बसवलं. हा माणूस इतका क्रूर होता की आठ-दहा सिनेमे निघावेत, पण तो आपला विषय नाही. आता मॉस्कोला घाई झाली. १ ते ३ मार्चला रशियाच्या हद्दीत, क्याख्ताजवळ त्रोइत्स्कोसाव्स्कला पक्षाचं पहिलं अधिवेशन भरलं, आपल्याकडे हाउसिंग सोसायटीच्या जनरल मीटिंगला जास्त माणसं येतात इतकी कमी. दांझन अध्यक्ष, सुखबातर सेनापती. जाहीरनामा लिहिला झाम्सरानो नावाच्या बुर्यात (म्हणजे रशियाच्या हद्दीत राहणारे मंगोल) विद्वानाने आणि तो बराच मवाळ होता, मंगोल लोकांचं राज्य मंगोल लोकांना, असा. १८ मार्चला सीमेवरचं मैमाचेन चिन्यांकडून घेतलं, तो दिवस आजही सैन्यदिन आहे. जुलैमध्ये लाल सैन्याबरोबर उर्गात शिरले आणि ११ जुलैला नवं सरकार झालं. नादामची सुट्टी त्याच तारखेला असते, घोड्यांच्या शर्यती, कुस्ती, तिरंदाजी. आणि बोग्द खान? राजाच राहिले, अधिकार काढून घेतलेले पण राजा. क्रांतिकारी सरकार आणि वर बसलेले जिवंत बुद्ध, असं तीन वर्षं चाललं, १९२४ ला ते वारेपर्यंत.

आता सात जणांचं काय झालं ते.

बोदो पंतप्रधान झाला, त्याने बायकांचे पारंपरिक केशालंकार बंद करायचा घाट घातला, लोक चिडले, पक्षात शत्रू होतेच, दांझनही विरोधात. जानेवारी १९२२ मध्ये राजीनामा, ऑगस्टमध्ये गोळी. चाग्दरजाव, जो हंगामी सरकारचा पहिला प्रमुख होता, तोही त्याच खटल्यात गेला. सुखबातर फेब्रुवारी १९२३ मध्ये आजारी पडून वारला, वय फक्त तीस, आणि पुढे अर्थातच विषप्रयोग झाला अशी कथा तयार झाली. ऑगस्ट १९२४ मध्ये तिसरं अधिवेशन, दांझन व्यासपीठावर, आणि अधिवेशन संपायच्या आत त्याला अटक करून गोळी घातली, त्याच अधिवेशनाच्या दिवसांत. भांडवलशाहीचा पुरस्कार आणि चिनी व्यापाऱ्यांशी साटंलोटं हा आरोप. ज्या रिंचिनो नावाच्या बुर्यात पुढाऱ्याने हे घडवलं त्याला १९३८ मध्ये मॉस्कोत मारलं. लोसोल १९४० मध्ये सोव्हिएत तुरुंगात मेला. दोग्सोम एकेकाळी राष्ट्रप्रमुख होता, त्याला १९४१ मध्ये गोळी. जाहीरनामा लिहिणारा झाम्सरानोही रशियातल्या तुरुंगातच गेला. राहिला एक, चोइबाल्सन, तो १९५२ मध्ये मॉस्कोत उपचार चालू असताना मेला. तोवर त्याच्या राज्यात, १९३७ पासूनच्या दोनेक वर्षांत वीस हजारांवर माणसं मारली गेली होती, त्यात बहुतेक लामा, आणि देशातले जवळजवळ सगळे मठ उद्ध्वस्त. देशाची लोकसंख्या तेव्हा दहा लाखसुद्धा नव्हती.

यातला सगळ्यात भारी भाग मला इतिहासलेखनाचा वाटतो. १९३४ मध्ये क्रांतीचा अधिकृत इतिहास लिहिला तिघांनी, चोइबाल्सन, लोसोल आणि सेनाप्रमुख देमिद. देमिद १९३७ मध्ये मॉस्कोला जाताना ट्रेनमध्येच मेला, लोसोलचं वर सांगितलंच. म्हणजे लेखकांतलापण एकच उरला. मग पाठ्यपुस्तकात पक्ष दोघांनीच काढला, सुखबातर आणि चोइबाल्सन. एक लवकर मेला म्हणून पवित्र, दुसरा शेवटपर्यंत टिकला म्हणून. शहराच्या मुख्य चौकात दोघांची समाधी बांधली. बाकी पाच जणांना तिथे जागाच नव्हती.

१९९० मध्ये उपोषणं आणि मोर्चे होऊन एकपक्षीय राज्य गेलं आणि ही नावं उघडपणे बोलता यायला लागली. समाधी २००५ मध्ये पाडली, तिथे आता चंगीझ खान बसलाय. सुखबातर चौकाचं नावपण २०१३ मध्ये चंगीझ चौक केलं आणि २०१६ मध्ये परत सुखबातर. (नामांतरावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणाऱ्या आमच्या ग्रुपला हे वाचून घरच्यासारखं वाटेल.) चोइबाल्सनचा पुतळा मात्र राष्ट्रीय विद्यापीठासमोर अजून उभा आहे, पोरं त्याच्यासमोरून लेक्चरला जातात.

आणि खऱ्या पक्षाचं भांडण? तेही झालं की. २०१० मध्ये पक्षाने नावातला क्रांतिकारी हा शब्द काढला आणि १९२१ चं मूळ नाव परत घेतलं. लगेच माजी राष्ट्राध्यक्ष एंखबायार बाहेर पडले आणि टाकून दिलेलं नाव उचलून त्यांनी वेगळा पक्ष काढला. २०२१ ला शंभरी साजरी झाली (पक्ष वय १९२१ च्या पहिल्या अधिवेशनापासून मोजतो) त्याच वर्षी दोन्ही परत एक झाले. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंचे पणजोबा लामा होते, सदतीस साली नेले ते परत आले नाहीत, आजोबा याच पक्षाचे मेंबर, आणि ताई स्वतः मत यालाच देतात कारण त्यांच्या गेरवस्तीत (गेर म्हणजे इथला गोल तंबू) पाण्याची लाईन यायची आहे. मी विचारलं पणजोबांचं काय, तर म्हणाल्या, ते सगळं खरंच आहे पण पाणी पण पाहिजे ना.

मला हे उत्तर आधी पटलं नव्हतं, आता निम्मं पटतं. निम्मं नाही, कारण पाण्याच्या लाईनवर इतिहास माफ करायचा असेल तर कुठल्याही पक्षाला काहीही माफ होतं. पण संस्थापकांच्या फोटोवर मत मागणाऱ्यांपेक्षा ताई जास्त प्रामाणिक आहेत, एवढं नक्की.

ग्रुपवरच्या मित्रांना माझं म्हणणं हे आहे की संस्थापक कुणाच्या बाजूला आहेत हे संस्थापक ठरवत नाहीत, ज्याच्या हातात पक्ष तो ठरवतो. आपल्याकडचंच बघा, शेतकरी कामगार पक्ष. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी काढला आणि दोघंही पुढे काँग्रेसमध्ये परत गेले. मग शेकाप कुणाचा? जे राहिले आणि राबले त्यांचा, गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा आमदार झाले ते कुणाचे वारसदार म्हणून नाही. यावर कुणी कधी फोटो टाकलेला मी बघितला नाही.

एक गोष्ट मात्र घरच्या बाजूने सांगायला पाहिजे. इथे बसून मायदेशाला नावं ठेवणं सोपं असतं आणि परदेशातल्या आपल्या लोकांना ती खोड असतेच. पण आपल्या फुटाफुटीत शेवटी वकील लागतात, आयोग लागतो, सुप्रीम कोर्टात तारखा पडतात, कंटाळा येतो, लोक शिव्या देतात. दांझनला तारीख मिळाली नाही. त्याचं प्रकरण अधिवेशनातच मिटलं. तेव्हा चिन्हाच्या केसला इतकी वर्षं का लागतात म्हणून ग्रुपवर ओरडा होतो तेव्हा मी गप्प बसतो, लागू देत.

परवा एकाने विचारलंच, एवढं ज्ञान देतोस तर मत कुणाला देणार ते सांग. अरे, मत द्यायचं तर मला स्वतः नाशिकला यायला लागतं, परदेशातून टाकता येत नाही, आणि इथे वर्षअखेरचे हिशेब असताना सुट्टी कोण देतंय.