बर्फी म्हणतेय

गेल्या रविवारी कोथरूडच्या एका पेट शॉपमध्ये एका कुत्रीने मला कंजूष म्हटलं. म्हणजे बोलल्या तिच्या मालकीणबाई, पण तिच्या वतीने बोलल्या, आणि दुकानातल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

मुलीने शित्झूचं पिल्लू आणायचं ठरवलं. हिने "मी त्याचं काही करणार नाही" असं बजावून होकार दिला. मला कुणी विचारलं नाही, फक्त सामानाची यादी फोनवर आली. आमच्या लग्नात रुखवत मांडलं होतं तेसुद्धा एवढं लांब नव्हतं. आणि हे सगळं दोन महिन्यांच्या, ओंजळीत मावणाऱ्या जीवासाठी.

बास्केट घेऊन मी गळ्यातल्या पट्ट्यांपाशी उभा होतो. त्यातल्या त्यात स्वस्त आणि लाल असा एक उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला, "बर्फी म्हणतेय, पट्टा नको हं!"

वळून पाहिलं तर चाळिशीच्या एक बाई. छातीशी तान्ह्या बाळाला बांधतात तसली झोळी, आणि झोळीतून बाहेर आलेलं पांढऱ्या पामेरियनचं तोंड.

"पप्पी कुणासाठी?"

"मुलीने घेतलंय."

"अय्या, म्हणजे तुम्ही आजोबा! बर्फी, आजोबांना हाय कर."

मी ५४ वर्षांचा आहे. मुलीच्या लग्नाचा विषय काढायला मला घरात सक्त मनाई आहे. आणि इथे मधले सगळे टप्पे गाळून मी थेट आजोबा. पण बाईंचा सूर इतका प्रेमळ होता, की रागवायचं कुठून ते सुचेना.

"बर्फी म्हणतेय, आजोबा, आम्हा छोट्यांची श्वासनलिका नाजूक असते. पट्टा ओढला की ती दबते, मग आम्ही खोकत बसतो. छातीवरून बांधायचा हार्नेस घ्या."

बर्फी यातलं काही म्हणत नव्हती. तिची नजर समोर टांगलेल्या सुकवलेल्या चिकनच्या काड्यांवर होती. पण बाईंनी माझ्या बास्केटमधला पट्टा उचलून जागेवर ठेवला आणि तिप्पट किमतीचा हार्नेस टाकला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही हेच सांगितलं, वर त्याची फी घेतली. बाईंचं सगळं बरोबर होतं, हाच माझा त्यांच्यावरचा मुख्य राग आहे. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला निदान मनातल्या मनात तरी हसता येतं.

"वरचं काय देणार?"

"दूध-पोळी," मी म्हणालो. गावी आमच्या मोत्याने जन्मभर ताकात कुस्करलेली शिळी भाकरी खाल्ली आणि भिंतीवरून उड्या मारल्या. त्याची वाटी म्हणजे नारळाची करवंटी, आणि बिछाना म्हणजे चुलीपुढची राख.

झोळीत एकदम शांतता पसरली.

"बर्फी म्हणतेय, गाईचं दूध नको, आमचं पोट बिघडतं. आणि आम्हाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या हं, आजोबा. आम्ही इवलेसे असतो ना, उपाशी राहिलो की आमची साखर झपकन उतरते. अंग थरथरतं, फिटसुद्धा येते."

मी स्वतः साखरेच्या गोळ्या घेतो. म्हणजे आता घरात एकाची साखर चढू नये आणि दुसऱ्याची उतरू नये यासाठी दोन वेगवेगळी घड्याळं लागणार, आणि दोन्हींना किल्ली मीच देणार. शिवाय बर्फीच्या म्हणण्यानुसार कांदा नाही, लसूण नाही, चॉकलेट नाही, मनुका तर अजिबात नाही. आमच्या घरात चातुर्मास कुणी पाळला नव्हता, आता तो बारा महिने पाळणारं कुणीतरी येत होतं.

हे सगळं कानावर पडता पडता माझ्यात एक बदल झाला, तो मला फार उशिरा कळला. मी बाईंकडे बघायचं सोडून बर्फीकडे बघून उत्तरं देऊ लागलो होतो. "हो का? मग दाणे कुठले घेऊ?" असं मी एका पामेरियनला विचारलं, आणि तिने शिंकून दाखवलं.

"बर्फी म्हणतेय, छोट्या जातीचे. त्यांचे दाणे बारीक असतात, आमच्या जबड्यात मावतात." पिशवी उचलली. वजन दीड किलो, किंमत बघून मी ती परत ठेवली, पुन्हा उचलली. कुत्र्याच्या खाण्यावर १८ टक्के जीएसटी आहे. मोत्याच्या भाकरीवर काही नव्हता.

मग आली वाटी. स्टीलची, साधी, खाली रबराची कडी. ४५० रुपये! "असली वाटी रविवार पेठेत वजनावर मिळते," मी एवढंच म्हणालो.

बाई हसल्या. बर्फीच्या कानामागे खाजवलं. आणि मग, चांगल्या खणखणीत आवाजात, "बर्फी म्हणतेय, आजोबा कंजूष आहेत!"

काउंटरवरची मुलगी हसली. सशाचा पिंजरा न्यायला आलेला एक अनोळखी माणूस हसला. बाईंना काही बोलावं तर त्या काही बोललेल्याच नव्हत्या. कुत्रीशी भांडावं तर तिने माझा हात चाटला. ४५० ची वाटी बास्केटमध्ये गेली. पुण्यात लोकांनी मला यापूर्वीही तोंडावर बरंच काही सुनावलेलं आहे, पण प्रत्येकाने स्वतःच्या नावावर सुनावलं. पाहुण्याला आडून सुनावण्यासाठी पोरांच्या तोंडून वदवून घेण्याची आपल्याकडे रीत होतीच. पोरं मोठी होऊन उलट बोलायला लागली, म्हणून ते काम बहुधा कुत्र्यांकडे आलं असावं.

यादीत पुढे ‘पी पॅड’ होते, घरात मुतायचे शोषक कागद. पूर्वी हे काम पेपर करत. आमच्याकडे करोनात बंद झालेला पेपर पुन्हा सुरू झालाच नाही, त्यामुळे घरात रद्दी नाही. शेजारच्या जोशीकाकांकडे भरपूर आहे, पण त्यांना मागितली तर ते किलोचा भाव सांगतात, आणि तो रद्दीवाल्यापेक्षा जास्त असतो. शेवटी बातम्या नसलेला पेपर विकत घेतला. बातम्या असलेल्यापेक्षा कितीतरी महाग पडला.

आणि रेनकोट. हो, रेनकोट. दुकानातल्या पोराने पिवळा, टोपीवाला, तळहाताएवढा रेनकोट माझ्यापुढे धरला.

"लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर न्यायचं नाही ना? पार्वो होतो म्हणे."

"हो काका, चार महिन्यांचं होईपर्यंत खाली जमिनीवर सोडायचंच नाही."

"मग रेनकोट कशाला?"

"आत्ता हा साइझ आहे. नंतर मिळत नाही."

"चार महिन्यांचं झाल्यावर त्याला हा बसेल?"

"नाही."

आम्ही दोघं थोडा वेळ त्या रेनकोटकडे बघत राहिलो. तो मी घेतला नाही. त्या दुकानात मी जिंकलेली ती एकमेव लढाई, आणि त्यावरून घरी मुलगी माझ्याशी संध्याकाळभर बोलली नाही. फोटोसाठी हवा होता म्हणे.

विनोद बाजूला ठेवून सांगतो, चीड सामानाची नाही. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी पिल्लू यायच्या आधीच "कुत्रं लिफ्टने न्यायचं नाही" असं सांगून गेले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही, हेही मला बर्फीकडूनच कळलं. सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणाले, "लेखी आणा." त्यांच्या मुलाची सायकल, गादी आणि एकदा अख्खी वॉशिंग मशीन त्याच लिफ्टमधून गेली, तेव्हा कुणी लेखी मागितलं नव्हतं. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. दीड किलोचं जनावर उचलून चढायला हरकत नाही, पण गुडघे माझे आहेत.

बिलाच्या रांगेत काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बेबीचं नाव?"

"अजून ठरलं नाही." ते खरं होतं. घरात त्यावरून तीन पक्ष पडले होते.

"नावाशिवाय सिस्टम पुढे जात नाही, काका."

"मग काहीतरी टाका."

"तुमचं नाव?"

"श्रीकांत."

तिने ते टाकलं. मला वाटलं, ग्राहकाच्या रकान्यात टाकलं.

काल दुपारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना मेसेज आला. ‘प्रिय श्रीकांत, तुझ्या जंतांच्या औषधाची वेळ झाली! शेपूट हलवत ये, १० टक्के सूट मिळव!’ स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर लावलेली होती, आणि लॅपटॉप माझा होता.

दुकानात फोन केला. म्हणाले, नाव बदलायचं तर पेटला घेऊन या. पेटच्या लसी पूर्ण झालेल्या नाहीत, ते सांगितलं. मग लसी झाल्यावर या, म्हणाले. तोपर्यंत तिसऱ्या महिन्यात रेबीजच्या लशीचीही आठवण येईल, असंही आपणहून सांगितलं.

घरी येऊन हिला मेसेज दाखवला. हिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "दहा टक्के आहेत, तर घेऊनच टाका."