नऊचं भोक, दहाचा ड्रिल आणि माझा रविवार

गाडीचं ऑइल बदलायचं होतं. अर्ध्या तासाचं काम. इंजिनखालचं कव्हर सहा बोल्टांवर, त्यातले पाच निघाले. सहावा फिरतोय. नुसता फिरतोय! वीस मिनिटं जात्यावर बसल्यासारखा दहाचा पाना फिरवला, तो काही सूतभरही खाली येईना. वरून डोळ्यात चिखलाची माती.

कारण ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यात तिथले आटे गेले म्हणून एका गॅरेजात रिव्हेट नट बसवून घेतला होता, म्हणजे पत्र्याच्या भोकात घालून ओढला की मागे फुगून घट्ट बसणारा, आत आटे असलेला नट. चासीचा तो चॅनेल म्हणजे आतून पोकळ, बंद पट्टी, मागून नट धरायला हात जात नाही, तेव्हा उपाय योग्यच. विमानाच्या पंखावर बर्फ साचू नये म्हणून रबरी पट्ट्या लावायच्या होत्या, त्यासाठी गुडरिच कंपनीने १९३०च्या दशकात ही चीज काढली. पंखाला चालते, माझ्या कव्हरला चालत नाही. का? तर एम-६च्या, म्हणजे सहा मिलीमीटर बोल्टाच्या, नटाला भोक लागतं ९ मिलीमीटरचं आणि साहेबांच्या हाताशी होता दहाचा ड्रिल. मी विचारलंसुद्धा. "एका एमएमनं काय होतंय दादा, ओढला की फुगतो तो."

फुगतो ना! पण तो फुगतो पत्र्याच्या मागे. भोकात त्याला धरतात त्या अंगावरच्या बारीक उभ्या रेघा, आणि त्या पत्र्यात रुतल्याच नाहीत तर तो बोल्टाबरोबर गरागरा फिरणारच. त्यातून नट दिला ॲल्युमिनियमचा, कारण तो ओढायला सोपा. वर्षभर पावसाचं पाणी खाऊन त्यात लोखंडी बोल्ट असा जाम झाला की नट फिरेल पण बोल्ट सुटणार नाही. हा नट ओढून बसवायचं हत्यार, म्हणजे पुलर, तोसुद्धा नव्हता त्यांच्याकडे. त्याऐवजी बोल्ट, वॉशर आणि इम्पॅक्ट गन! स्टीलचा नट आणि नऊचं बिट, दोन्ही मिळून माझ्या त्या दिवशीच्या चहा-वडापावपेक्षा फार महाग नसतं हो.

मग काय, कव्हर खाली ओढून धरलं, नटाच्या कॉलरखाली, म्हणजे पत्र्याबाहेरच्या कडेखाली, पेचकस खुपसला, बायकोला पाना धरायला बसवलं. ती म्हणाली, "गॅरेजला न्यायची ना." त्यावर मी काय बोललो ते इथे लिहिता येत नाही.

शेवटी ग्राइंडरने बोल्टाचं डोकं उडवलं. कव्हर सुटलं. उरलेलं धूड ड्रिलने काढायला गेलो, तर तेही ड्रिलबरोबर फिरायला लागलं. वाइस ग्रिपने कॉलर आवळून धरली, तेव्हा कुठे कॉलर कापली गेली आणि मागचा तुकडा टण्णकन चॅनेलच्या आत पडला. चॅनेल दोन्ही बाजूंनी बंद. चुंबक घालून पाहिला, पण ॲल्युमिनियमला चुंबक काय करणार, आणि आत अडकलेला लोखंडी बोल्ट त्या भोकातून वळेना.

आता प्रत्येक स्पीडब्रेकरला खुळ्‌खुळ्. आमच्या गल्लीत तीन आहेत.