पैसे दिलेत म्हणून काय झालं?

सकाळी सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. मालवणजवळच्या देवबागच्या समुद्रातला. एक मोठी डॉल्फिन, तिला चिकटून पिल्लू, आणि चारी बाजूंनी बोटी. आठपर्यंत मोजल्या, पुढं मोबाईलच हलायला लागला, कारण शूटिंग करणारा नाचत होता. "आली आली! घे, अजून पुढं घे!" पिल्लू श्वास घ्यायला वर यायचं, की दुसरी बोट अंगावर. खाली गेलं, परत वर, परत बोट. आणि त्याच्याखाली आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या प्रतिक्रिया: "पैसा वसूल!" "बोटवाल्याचा नंबर पाठवा."

मी लिहिलं, पिल्लाचे हाल चाललेत हो. उत्तर आलं, "मॅडम, एन्जॉय करा."

ग्रुपवर वाद नको म्हणून इथं फेसबुकवर लिहिते. तुम्ही माझी माणसं, तुम्हाला वेगळं काय समजावायचं?

आईला घेऊन आम्ही तारकर्लीला गेलो होतो, ती गोष्ट काहींनी ऐकली असेल. आई भिलवडीची. सगळा जन्म कृष्णेकाठी गेला, समुद्र बघितला तो तेव्हाच पहिल्यांदा. बोटीत आमच्याबरोबर आणखी एक कुटुंब होतं. थोडं आत गेल्यावर पाण्यात एक करडी पाठ दिसली, मधे मदार असल्यासारखा उंचवटा. आपल्या किनाऱ्यालगत दिसतात ते बहुतेक हेच, हम्पबॅक डॉल्फिन. बोटवाल्यानं बोट थेट तिच्यावर घातली. आणि मग तिच्या कडेला एक बारकी पाठ वर आली. आमची आई चालत्या बोटीत उठून उभी राहिली. "आरं बाबा, बारकं हाय न्हवं तिच्यासंगं! नुकत्या व्यालेल्या म्हशीच्या अंगावर असं जातंय का कोण? बाजूला घे की!"

आई चौथी शिकलेली आहे.

ती जे बोलली तेच जगभरच्या सरकारांनी नियम करून लिहून ठेवलंय. न्यूझीलंडमध्ये कायकोराला लोक देवमासे बघायला जातात. तिथं १९९२ पासून नियम आहे की देवमाशापासून ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी नकोत, आणि त्या टप्प्यात वेग इतका कमी की मागं लाटसुद्धा उठता कामा नये. ५० मीटरच्या आत तर जायचंच नाही, आणि आईसोबत पिल्लू असेल तर पर्यटकांच्या बोटींनी २०० मीटर लांब राहायचं. समोरून आडवं यायचं नाही. कळपाच्या मधून बोट घालायची नाही. बाजूनं, थोडं मागून, त्यांच्या चालीनं चालायचं. ऑस्ट्रेलियात देवमाशापासून १०० मीटर आणि डॉल्फिनपासून ५०, पिल्लू असेल तर आणखी लांब. अमेरिकेत अटलांटिकच्या बाजूला राइट व्हेल म्हणून एक जात आहे, चारशेही उरलेले नाहीत. त्यांच्यापासून ५०० यार्ड, म्हणजे साधारण ४५७ मीटर. वॉशिंग्टन राज्यानं तिथल्या ओर्कांसाठी (किलर व्हेल म्हणतात ते) २०२५ पासून १००० यार्ड केलेत. जवळपास एक किलोमीटर! आणि आमच्या ग्रुपवरचा माणूस म्हणतोय, "हात लावता आला असता यार."

हात लाव. बोटीच्या पंख्यात घाल हात.

चिडले, माफ करा. पण हे मासे नाहीत हो. आपल्यासारखी हवेत श्वास घेणारी, पिल्लाला दूध पाजणारी जनावरं आहेत. पिल्लाचा दम कमी, त्याला आईपेक्षा जास्त वेळा वर यावं लागतं आणि पंख्याचे घावही त्यालाच आधी बसतात. डॉल्फिन एका वेळी एकच पिल्लू देते, तेही दरवर्षी नाही. आणि डोळ्यांपेक्षा कानांवर जगणारा जीव आहे तो. आवाज सोडायचा, त्याच्या पडसादावरून मासा कुठं, तळ कुठं, हे ओळखायचं. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं जातो. तिथं आठ इंजिनं घुमायला लागली की त्या आईला पिल्लाची हाक तरी ऐकू येत असेल का?

"परदेशातले लाड आपल्याकडं कशाला" असं एक काका म्हणाले. काका, १९७२ चा आपला वन्यजीव संरक्षण कायदा आहे, डॉल्फिन आणि देवमासे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. आणि तो कायदा नुसतं मारण्यालाच शिकार म्हणत नाही. पाठलाग करणं, हाकत नेणं हेही त्यात धरलंय. आमच्याकडं व्हेलचं नाव निघतं ते फक्त चोरून विकली जाणारी त्याची उलटी पकडल्याच्या बातमीत, इतके कोटी नि तितके कोटी. ज्याच्या पोटातून ती येते तो जीव कुणाला आठवतोय? आणि देवमासे काही न्यूझीलंडलाच असतात असं नाही. २०१५ साली कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळा देवमासा पिल्लासह दिसल्याची नोंद आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत येऊन अडकलं होतं. तेव्हा गावकरी, वनखातं, सगळे त्याच्यावर ओलं फडकं टाकत, पाणी मारत बसले होते. वाचलं नाही बिचारं. पण ती माणसं बघून बरं वाटलं होतं.

आपण सांगलीकर तरी कुठले शहाणे? थंडीत मगर काठावर ऊन खात पडली की दगड मारणारे आपणच. होडी तिच्याजवळ नेऊन व्हिडिओ काढणारे आपणच. आणि मग "नदीत मगरींचा सुळसुळाट" म्हणून ओरडणारेही आपणच. अंडी घालायच्या दिवसांत मादी काठ सोडत नाही, हे भिलवडीतलं शेंबडं पोर सांगेल.

बोटवाल्यांचं पोट आहे, मान्य. पावसाळ्यात चार महिने बोट किनाऱ्यावर, कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने. तेही मान्य.

पण त्या दिवशी झालं काय, ते सांगते. आई ओरडल्यावर बोटवाल्यानं खरंच बोट वळवली, लांब नेली आणि इंजिन बंद केलं. आईला म्हणाला, "आजी, मलाही कळतं. पण लांब थांबलो की गिऱ्हाईक दुसऱ्या बोटीत जातं." म्हणजे त्याला माहीत होतं! त्याला नियम शिकवायची गरजच नव्हती. लगेच ते दुसरं कुटुंब सुरू झालं. इतक्या लांबून काय दिसतंय, आम्ही पैसे मोजलेत, त्या बोटी बघा कशा जवळ गेल्यात. डॉल्फिन काही आमच्याकडं आले नाहीत. लांबून तीन-चारदा पाठी दिसल्या, बस्स. आई तेवढ्यावर खूश. किनाऱ्याला लागल्यावर ते गृहस्थ पैसे कमी देतो म्हणून अडून बसले. आईनं त्यांना जे सुनावलं ते फेसबुकवर लिहिण्यासारखं नाही.

म्हणून मला बोटवाल्यांचा तेवढा राग येत नाही, जेवढा "पुढं घे, पुढं घे" वाल्यांचा येतो. बोट कोण चालवतंय? सुकाणू त्याच्या हातात असेल, पण बोट चालते आपल्या ओरडण्यावर. आपण म्हणालो लांब थांब, तर तो थांबतो. आनंदानं थांबतो, डिझेल वाचतं त्याचं. लांबच राहणार असाल तरच बसतो, असं म्हणणारी गिऱ्हाइकं वाढू देत, मग बघा.

बाकी कुणाला ही पोस्ट शहाणपणा वाटत असेल तर वाटू दे. ग्रुपमधून काढायचं तर काढा, तेवढीच गुड मॉर्निंगची फुलं कमी.

नाताळच्या सुट्टीत गगनबावड्यानं नाहीतर फोंडा घाटानं तिकडं उतरणारी तुमच्यातली निम्मी मंडळी मला माहीत आहेत. बोटीत पाय टाकायच्या आधी, भाव ठरतानाच सांगा: पाठलाग करायचा नाही, आधीच तीन बोटी असतील तर तिथं जायचं नाही, पिल्लू दिसलं की मागं फिरायचं. आणि दिसले नाहीत तरी पैसे पूर्ण देणार, हेही तेव्हाच सांगा. शंभर-दोनशे जास्त मागितले तर द्या की. जाता-येता कोल्हापुरात थांबून तांबड्या-पांढऱ्यावर किती घालवता, ते मी बघितलंय.