काका, ते वाक्य चुकलंच

काका, नमस्कार.

'मी तुझ्या काकांच्या वयाचा, म्हणून स्पष्ट लिहितो' असं तुम्हीच म्हटलंत, तेव्हा काकाच म्हणते.

ईईजी, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युत लाटांची नोंद. ती काढणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टसाठी अमेरिकेत ॲब्रेट या संस्थेची आर. ईईजी टी. ही परीक्षा असते. तिचा अभ्यास मी कसा केला ते गेल्या लेखात सांगितलं होतं. कागदावर पेनांनी ईईजी उमटायचा त्या काळापासून हे काम करणारे तुम्ही; त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे काम बोटांनी शिकायचं असतं, पोरांना पाठांतराला आणि कागदाच्या जमान्यातल्या गणितांना जुंपू नकोस. आणि 'इम्पिडन्स (म्हणजे इलेक्ट्रोडच्या जागी विजेला होणारा अडथळा) जितका कमी तितकं रेकॉर्डिंग चांगलं' हे तुझं वाक्य साफ चूक आहे, परीक्षा पास होऊन हेच शिकलीस का?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे मला बचावच नाही. वाक्य चुकलंच. इम्पिडन्स १० हजार ओमच्या आत हवा हे खरं, पण तो १०० ओमच्याही खाली गेला तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं. मला हे पाठ होतं. तरी लिहिताना हात जुन्याच वळणाने गेला.

ते वळण सांगली जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलातलं. मी तिथे काम शिकले. इलेक्ट्रोड लावा, मशीनवर सगळे दिवे हिरवे झाले, म्हणजे इम्पिडन्स कमी आला, की रेकॉर्डिंग सुरू करा, एवढं सरळ शिक्षण. एकदा आठ महिन्यांचं बाळ आलं होतं. झोपेचं औषध देऊनही अर्धा तास रडत, मान हलवत होतं. आईने दवाखान्यात जायचं म्हणून डोक्याला चापून खोबरेल लावून आणलेलं. (हे तुम्हाला सांगायला नको. 'केस धुऊन या, तेल लावू नका' असं चिठ्ठीवर कितीही ठळक लिहा, तेल येतंच.) पुसून पुसून मी इलेक्ट्रोड बसवले, निसटू नयेत म्हणून पेस्ट सढळ हाताने लावली. सगळे दिवे हिरवे. डाव्या बाजूचे दोन तर इतके छान की मी खूश. रेकॉर्डिंगमध्ये मात्र सी-३ आणि पी-३ या डावीकडच्या शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडमधली रेघ जवळजवळ सपाट, उजवीकडे व्यवस्थित लाटा. मी तसंच पाठवून दिलं. डॉक्टरांना डावी-उजवीतला फरक खटकला आणि त्यांनी बाळाला परत बोलावलं. ती बाई दोन एसट्या बदलून पुन्हा आली. आमच्या सिनियर सरांनी डोकं पुसलं, बोटाच्या टोकावर मावेल एवढीच पेस्ट घेतली, पुन्हा लावलं. दोन्हीकडे सारख्या लाटा. 'पेस्ट पसरली होती,' एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

आता तुम्ही म्हणाल, बघ, सरांच्या बोटांना कळत होतं! होतंच. पण ती बोटं सरांची. मला त्यांनी दिली ती एक सूचना, पेस्ट कमी लाव. का, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं, न्यू जर्सीत रात्रपाळी संपवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर या परीक्षेचा अभ्यास करताना. ॲम्प्लिफायर एका जागेचं व्होल्टेज मोजतच नाही, दोन जागांमधला फरक मोजतो. पेस्टचा ओघळ दोन इलेक्ट्रोडना जोडतो तेव्हा विजेच्या हिशेबाने ती एकच जागा होते. एकाच विहिरीत दोन दोऱ्या सोडून पाण्याच्या पातळीतला फरक शोधल्यासारखं ते. फरक येणार कुठून? आणि इम्पिडन्स 'इतका छान' का आला होता, त्याचंही उत्तर तेच. त्या दिवशी मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. त्या बाईचं एसटीचं भाडं आठवत होतं.

म्हणजे चुकीचं वाक्य हाताने शिकवलेलं होतं आणि ते चूक का, हे परीक्षेच्या अभ्यासाने शिकवलं. तरीही लिहिताना हातच जिंकला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

गणितांबद्दल. कागद गेला हे मान्य. सेकंदाला ३० मिलिमीटर धावणारा कागद मी स्वतः कधी पाहिलेला नाही. पण '७ मायक्रोव्होल्टला १ मिलिमीटर, लाट १० मिलिमीटर उंच, म्हणजे ७० मायक्रोव्होल्ट' हे गणित कागदाचं नाही हो, नजरेचं आहे. स्क्रीनवर कोणी सेन्सिटिव्हिटी (किती मायक्रोव्होल्टला १ मिलिमीटर, तो आकडा) बदलून ठेवली असेल तर साधी लाटही राक्षसासारखी दिसते. ज्याने हे गणित पन्नासदा केलंय तो आधी कोपऱ्यातला आकडा बघतो, मग घाबरतो. नेझिऑन (नाकाच्या मुळाशी असलेला खळगा) ते इनिऑन (डोक्यामागचा हाडाचा उंचवटा) ३६ सेंटिमीटर, त्याचे २० टक्के ७.२, हेही तसंच. तुमच्या बोटांना सी-झेड, म्हणजे टाळूवरची मधली जागा, न मोजता सापडत असेल. मला पहिली तीन वर्षं सापडला नाही.

आणि काही गोष्टी हाताला कधी भेटतच नाहीत. मेंदूत विद्युत हालचाल उरलीच नाही ना, हे पाहण्यासाठी करायचं रेकॉर्डिंग मी तिकडे एकदाही केलं नव्हतं. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे ब्रेनस्टेम डेथ (मेंदूच्या बुंध्याचं काम कायमचं थांबणं) ठरते ती डॉक्टरांच्या तपासणीवर आणि ॲप्नीआ टेस्टवर (पेशंट स्वतःहून श्वास घेतो का, ती तपासणी), ईईजीची सक्ती नाही. इथे पहिल्यांदा आयसीयूतून बोलावणं आलं तेव्हा माझ्याजवळ पुस्तकच होतं: सेन्सिटिव्हिटी मिलिमीटरला २ मायक्रोव्होल्टवर, इलेक्ट्रोडच्या जोड्यांत निदान १० सेंटिमीटर अंतर, किमान ३० मिनिटं. दोन मायक्रोव्होल्टवर खोलीतलं सगळं दिसायला लागतं. हृदयाचे ठोके, व्हेंटिलेटर, पलंगाजवळून जाणारी नर्ससुद्धा. प्रत्येक रेघ कुठून येतेय ते शोधून लिहून ठेवायचं होतं, आणि काचेपलीकडे घरची माणसं उभी होती. अशा वेळी 'अनुभवाने कळेल' म्हणायची सोय नसते.

बाकी तुमचं खरं आहे. बहुपर्यायी प्रश्नांना अंबाड्याखालचा इनिऑन चाचपता येत नाही. चार वर्षांच्या मुलाला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावणं कुठल्याच पर्यायात बसत नाही. मी तुमच्यासारखंच भिरभिरं ठेवते. एका मुलीचं भिरभिरं अचानक थांबलं, नजर समोरच, आणि स्क्रीनवर सेकंदाला तीन अशा स्पाइक-वेव्हच्या, म्हणजे फिटच्या टोकदार लाटांच्या, रांगा. मी हळूच 'आंबा' म्हटलं. दहाएक सेकंदांनी ती पुन्हा फुंकायला लागली. मी काय म्हटलं होतं विचारलं, तर म्हणे, 'कधी?' आंबा म्हणायचं मला सरांनी शिकवलं होतं, पुस्तकाने नाही.

आणि खरं सांगू? परीक्षा दिली ती ज्ञानासाठी वगैरे नाही. इथे नावापुढच्या त्या अक्षरांवर पगार ठरतो. ज्ञान मागच्या दाराने आलं.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललंय. आता तिथे १०० ओमची खालची मर्यादाही आहे आणि बाळांच्या डोक्यावर पेस्ट कमी लावायची सूचनाही.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही लिहिलंय की पेशंट झोपला हे तुम्हाला कागदाकडे न बघता, पेनांच्या आवाजावरून कळायचं. स्लीप स्पिंडल, म्हणजे झोपेतल्या जलद लाटांचा छोटा झुबका, आला की आवाज नेमका कसा व्हायचा? सवडीने लिहा. आमच्या मशीनला आवाजच नाही.