पगार विचारू नये, फक्त सांगावा

नोकरी बदलताय? छान. पगाराची बोलणी करताना उमेदवारानं कसं वागावं, याचं माझं प्रशिक्षण गेल्याच आठवड्यात पुण्यात खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत पार पडलं. ते ज्ञान फुकट वाटतोय, घ्या.

जाहिरातीत पगाराचा आकडा शोधू नये. तिथे 'बेस्ट इन इंडस्ट्री' लिहिलेलं असतं, त्यावर पोट भरावं.

तुमचा नोटीस पीरियड 90 दिवसांचा असला, तरी 'इमिजिएट जॉइन कराल ना?' याला हो म्हणावं.

ऑफर लेटर आलं की सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाला जो एकूण खर्च होतो त्याचा, आकडा नातेवाइकांना कळवावा, हातात किती पडणार ते कळवू नये. बेसिक महिना 50,000 धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ म्हणजे 6,000, आणि 4.81 टक्क्यांनी ग्रॅच्युइटीचे 2,405, हे सगळं तुमच्याच पॅकेजात मोजलेलं असतं. ग्रॅच्युइटी मिळते 5 वर्षं टिकलात तर. व्हेरिएबलचं, म्हणजे कामगिरी बघून देऊ म्हणतात त्या पैशांचं, काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता मुख्य विद्या. एचआरच्या मॅडम गोड आवाजात 'करंट सीटीसी' विचारतील. चटकन सांगावा. शेवटच्या 3 सॅलरी स्लिपा, फॉर्म 16, बँक स्टेटमेंट, सगळं मेल करावं. स्टेटमेंटमध्ये घराचा हप्ता दिसतो, मेडिकलवाल्याला गेलेले पैसे दिसतात, 27 तारखेला उरलेले साडेसातशे रुपयेही दिसतात. दिसू द्यावेत. मग नम्रपणे विचारून बघावं, 'मॅडम, या पोस्टचं बजेट किती?' ते कॉन्फिडेन्शियल असतं!

मला उत्तर मिळालं, "सर, करंटवर थर्टी पर्सेंट. ह्याच्यावर आमच्या पॉलिसीत बसत नाही." म्हणजे काम काय, जबाबदारी किती, चार-चार फेऱ्यांत घासून घेतलेलं ज्ञान किती, याचा पगाराशी काडीचा संबंध नाही. आधीच्या कंपनीनं मला स्वस्तात राबवलं, तर हेही स्वस्तात राबवणार, आणि वर हाइक दिल्याचं पुण्य घेणार. कोथरूडात फ्लॅट बघायला जा आणि मालकाला सांगा, 'काका, तुम्ही 2009 साली केवढ्याला घेतलात? त्यावर तीस टक्के देतो.' काका जिन्यापर्यंत सोडायला तरी येतील का?

गंमत म्हणजे प्रोजेक्ट कॅलिफोर्नियातल्या क्लायंटचं. तिथे 2018 पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला कायद्यानं बंदी आहे, आणि त्यानं मागितलं तर त्या पोस्टची पगाराची रेंज सांगावी लागते. क्लायंटची टाइमलाइन पाळायला रात्री 11 ला कॉलवर बसायचं, तेव्हा 'ग्लोबल स्टँडर्ड्स'. पगाराला मात्र 'आपल्याकडे असंच असतं सर'.

असंच कसं असतं हो? तुम्हाला आकडा पहिल्या दिवसापासून माहीत असतो. मंजूर बजेटाशिवाय पोस्ट निघत नाही, हे न कळण्याइतके आम्ही दुधखुळे नाही. 14 लाख द्यायचे असतील तर पहिल्या फोनवर 14 म्हणा. नाही परवडलं तर आम्ही सुट्टी टाकून, मुंढव्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर धूर खाऊन तुमच्या रिसेप्शनमध्ये बसायला येणारच नाही. तुमचाही वेळ वाचेल. आणि माझ्या स्लिपा बघायच्याच असतील, तर त्याच टीममध्ये तेच काम करणाऱ्याला आज किती देता, तो कागद आधी टेबलावर ठेवा.